कोश, संगणकीय : भाषाध्ययनातील उपयोग

परभाषा शिकविणाऱ्या संगणकीय पाठाशी शब्दकोश जोडून, अडलेल्या शब्दाचा अर्थ वाचन न थांबविता उपलब्ध करून देण्याची ही पद्धती होय. संगणकाद्वारे अध्यापनाचा आरंभीचा मोठा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ या प्रणालीने झाला. पुढे तीवर भाषांचे पाठही तयार झाले.

मराठीचे आरंभीचे महत्त्वाचे कोश परभाषकांच्या गरजेतूनच निर्माण झाले. विल्यम कॅरी यांचा मराठी-इंग्रजी कोश वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८१० मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये निघाला व त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सु. ६०,००० झाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (७ विभाग, १९३२–३८, पुरवणी १९५०) वऱ्हाडी व नागपुरी शब्दही खुणेसह नोंदविले. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी १९४६ नंतर चालविलेले प्रचंड कोशकार्य परिभाषानिर्मितीचे होते. शिकाऊ वाचकाची गरज त्याहून वेगळी. ती ओळखून मॅक्सीन बर्नसन यांनी फलटण येथे राहून परभाषकांसाठी लहान मराठी-इंग्रजी कोश व पाठ्यसाहित्य सिद्ध केले. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संगणकीय संग्रहात मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि बर्नसन हे तिन्ही कोश समाविष्ट झाल्याने ते जगात कोठूनही पाहता येऊ लागले.

तथापि कोश संगणकावर आला म्हणजे तो पाठाशी जोडला गेला, असे नव्हे. पहिली अडचण लेखनाची आहे. जुन्या कोशांत ‘नांव’, ‘पांच’, ‘करणें’ असे अनुस्वारयुक्त नोंदशब्द आहेत. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गळाल्यामुळे ‘नाव’ शोधणाऱ्यास ‘नांव’ आपोआप सापडत नाही. दुसरी अडचण मराठीच्या घडणीतली व अधिक खोल आहे. वाचकापुढे ‘पाण्यात’, ‘आंब्याचा’, ‘गेलेल्या’ ही रूपे येतात. कोशात मात्र ‘पाणी’, ‘आंबा’, ‘जाणे’ असतात. छापील कोश चाळणारा विद्यार्थी सामान्यरूपाचे नियम जाणत असेल तरच मूळ शब्दापर्यंत पोहोचतो, आणि ते नियम तर त्याला अद्याप शिकावयाचे असतात. म्हणून पाठ व कोश यांमध्ये रूपाचे पृथक्करण करणारा दुवा यंत्रात घालावा लागतो. तोही प्रत्येक वेळी एकच उत्तर देऊ शकत नाही : ‘माळा’ हे ‘माळ’ या शब्दाचे अनेकवचन असेल किंवा घराचा पोटमाळा. निर्णय संदर्भावरूनच होतो. दोन्ही नोंदी दाखवून निवड विद्यार्थ्यावर सोपविणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग होय.

नागपूरकडील बोलीत ही मर्यादा विशेष जाणवते. तेथे ‘तो जेवून राहिला’ म्हणजे ‘तो जेवत आहे’. हिंदीतील ‘खा रहा है’ या रचनेशी तिचे साम्य उघड आहे. शब्दागणिक अर्थ देणारा कोश मात्र ‘जेवल्यानंतर तो थांबला’ असा अर्थ सुचवील. ‘जेवणे’ व ‘राहणे’ या दोन्ही नोंदी अचूक असूनही वाक्य चुकते. अशा प्रयोगांसाठी दुवा सुट्या शब्दाला न देता संपूर्ण क्रियारूपाला द्यावा लागतो व त्याच्या टोकाशी कोशातील नोंदीऐवजी व्याकरणाचा पाठ ठेवावा लागतो.