ध्यान आणि ख्रिस्ती चिंतन-प्रार्थना : महाराष्ट्रातील तीन तौलनिक प्रयत्नांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वरोरा, चंद्रपूर, गडचिरोली या वनप्रदेशातील अभ्यासकांना व्हेरियर एल्विन (१९०२–१९६४) हे नाव परिचित आहे ते मानववंशशास्त्रज्ञ म्हणून. सीमेपलीकडील बस्तरच्या माडिया व मुरिया गोंडांवरील त्यांचे ग्रंथ अनुक्रमे १९४३ व १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु जंगलात येण्यापूर्वी हेच एल्विन पुण्यातील एका ख्रिस्ती आश्रमाचे सदस्य होते आणि १९३० मध्ये ख्रिस्ती प्रार्थनेवरील आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी 'ध्यान' हा संस्कृत शब्द योजला होता. त्यांच्या जीवनातील या पर्वाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

भारतीय ध्यानसाधना आणि ख्रिस्ती गूढवाद यांची तुलना करताना 'दोन्ही एकच' किंवा 'दोन्ही सर्वथा भिन्न' अशी दोन टोकाची उत्तरे दिली जातात. प्रस्तुत निबंधात एल्विन, गुरुदेव रा. द. रानडे आणि अँथनी डिमेलो यांच्या प्रयत्नांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, खरा प्रश्न साम्य-भेदाचा नसून कशाची तुलना कशाशी करावी हा आहे.

संज्ञांचा प्रश्न

बाराव्या शतकातील कार्थूसियन मठाधिपती दुसरा ग्वीगो याने साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. इंग्रजीतील 'मेडिटेशन' या शब्दाने ख्रिस्ती परंपरेत प्रामुख्याने दुसरी पायरी, म्हणजे विषयाचा बुद्धीने केलेला विचार सूचित होतो. पातंजल योगातील ध्यान मात्र चित्तवृत्तीचा एकाच विषयावरील अखंड प्रवाह असून त्याचे स्थान धारणा आणि समाधी यांच्या मध्ये आहे. म्हणून 'मेडिटेशन' म्हणजे ध्यान हे रूढ भाषांतर या तुलनेत दिशाभूल करणारे ठरते. ध्यानाला जवळची आहे ती ग्वीगोची चौथी पायरी, 'कंटेम्प्लेशन'.

वेदान्तातील श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमाशी ही शिडी ताडून पाहिल्यास एक महत्त्वाची बाब लक्षात येते. वाचन, मनन व चिंतन यांना स्थूलमानाने समांतर पायऱ्या सापडतात. तिसऱ्या पायरीला, म्हणजे प्रार्थनेला, या क्रमात स्वतंत्र स्थान नाही. ते स्थान महाराष्ट्रात भक्तिसंप्रदायाने दिले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीयोगाचे सविस्तर निरूपण करणारे ज्ञानदेव हरिपाठात नामाला अग्रस्थान देतात. तेव्हा प्रयत्न आणि कृपा यांतील ताण हा केवळ दोन धर्मांमधला नाही. तो मराठी परंपरेच्या अंतरंगातही आहे.

एल्विन : शब्दाची निवड

जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात एल्विन १९२७ मध्ये दाखल झाले. खादी, साधे भोजन व आश्रमीय दिनक्रम यांतून भारतीय वळणाचे ख्रिस्ती जीवन घडवण्याचा संघाचा प्रयत्न होता. 'ख्रिश्चन ध्यान' या १९३० च्या पुस्तकात एल्विन यांनी 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या चौदाव्या शतकातील अनामिक लेखकाच्या इंग्रजी ग्रंथाचा अभ्यास केला. बुद्धीला ईश्वराचे आकलन होऊ शकत नाही, प्रेम मात्र त्याच्यापर्यंत पोहोचते, हे त्या ग्रंथाचे सूत्र आहे. साधकाने एखादा लहान, एकाक्षरी शब्द हृदयाशी धरून इतर सर्व विचार बाजूला सारावेत, असे तेथे सुचवले आहे. नामस्मरणाशी परिचित असलेल्या वाचकाला येथील साम्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एल्विन यांनी 'ध्यान' हा शब्द मननासाठी न वापरता या चौथ्या पायरीसाठी वापरला, ही त्यांची निवड संज्ञेच्या दृष्टीने अचूक होती. परंतु त्या ग्रंथातील साधनेला पातंजल ध्यानाहून नामभक्ती अधिक जवळची आहे, कारण तिचा आधार चित्ताचा निरोध नसून प्रेमाची ओढ आहे. आवरण दूर होते तेही साधकाच्या बळावर नव्हे, तर ईश्वरी कृपेने.

रानडे : उलट दिशेचा प्रवास

एल्विन ख्रिस्ती परंपरेकडून भारतीय संज्ञेकडे आले. रानडे (१८८६–१९५७) यांचा प्रवास उलट दिशेने झाला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ज्ञानेश्वर ते रामदास या संतांचा गूढवादाच्या अंगाने अभ्यास केला. तुकारामांच्या अस्वस्थतेच्या कालखंडाला त्यांनी स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांची 'आत्म्याची काळोखी रात्र' ही संकल्पना लावली.

ही तुलना नाममंत्रालाच साधनेचे केंद्र मानणाऱ्या साधकाने केलेली आहे, हे तिचे बळ होय. तथापि एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. जॉन यांच्या मते ती रात्र ही ईश्वराने केलेली शुद्धी आहे. साधकाने तिच्यात निश्चेष्ट राहावयाचे असते. तुकाराम निश्चेष्ट राहत नाहीत. ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला जाब विचारतात. अनुभवाचा काळोख समान असला तरी त्यातील साधकाची भूमिका समान नाही.

डिमेलो : पद्धती आणि तिची मर्यादा

मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. त्यांच्या 'साधना' (१९७८) या पुस्तकात आधी श्वास व शारीरिक संवेदना यांचे भान, मग कल्पनाचित्रे आणि अखेरीस भक्ती असा क्रम आहे. बौद्ध, हिंदू व ख्रिस्ती पद्धती येथे एकाच साधनक्रमात आल्या.

व्हॅटिकनने १९८९ च्या पत्रात पौर्वात्य पद्धती सरसकट नाकारल्या नाहीत; परंतु त्यांतून मिळणारी शारीरिक-मानसिक शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव, असे समजण्याविरुद्ध इशारा दिला. १९९८ मध्ये डिमेलो यांच्या काही मतांवर स्वतंत्र आक्षेप घेण्यात आला. या भूमिकेशी मतभेद असू शकतात. तरीही त्यातील प्रश्न टाळता येत नाही. श्वासाचे निरीक्षण कोणालाही शिकता येते. ज्याला उद्देशून प्रार्थना करावयाची, तो ईश्वर मात्र पद्धतीबरोबर आपोआप येत नाही.

निष्कर्ष

या तीन प्रयत्नांतून पुढील बाबी स्पष्ट होतात. पद्धतींची तुलना केली की साम्य अधिक दिसते. अनुभवांची तुलना केली की साम्याबरोबर साधकाच्या भूमिकेतील भेदही दिसतो. आणि साध्याची तुलना केली, म्हणजे कैवल्य व ईश्वराशी प्रेमसंबंध ही दोन उद्दिष्टे समोरासमोर ठेवली, की भेद ठळक होतो. या पातळ्यांची सरमिसळ झाल्यानेच 'एकच' व 'सर्वथा भिन्न' ही दोन्ही घाईची उत्तरे निर्माण होतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ख्रिस्ती चिंतन-प्रार्थनेशी योगापेक्षा वारकरी नामभक्तीची तुलना अधिक फलदायी आहे.

एल्विन यांचे पुढील आयुष्य या संदर्भात विचार करायला लावते. पूर्वी चांदा येथील स्कॉटिश मिशनमध्ये काम केलेले नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी धर्मगुरूच्या परवान्यासाठी राजनिष्ठेच्या शपथेची अट घातली; राष्ट्रीय चळवळीचे समर्थक असलेल्या एल्विन यांनी ती नाकारली. १९३२ मध्ये ते शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहावयास गेले आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्चही सोडले. त्यामुळे त्यांच्या सेवाकार्याला चिंतनाचे फळ म्हणून पुढे करणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र अविलाच्या संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी साधनेच्या सर्वोच्च अवस्थेतही सेवा आणि चिंतन यांची सोबत अपरिहार्य मानली होती, आणि भूतदयेचा आग्रह संतसाहित्यातही तितकाच आहे. अनुभवाची परीक्षा आचरणात होते, याबाबत दोन्ही परंपरांचे एकमत आहे. ज्या वरोऱ्यात १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले, तेथील अभ्यासकाला ही कसोटी अपरिचित वाटण्याचे कारण नाही.