पहिल्या वर्षीचे ‘नापास’ आणि अमेरिकेतील दंतवैद्यक प्रवेश

भारतात बारावीनंतर ‘नीट’च्या गुणांवर बीडीएसचा प्रवेश ठरतो. अमेरिकेत मात्र दंतवैद्यक महाविद्यालयाचे दार बहुधा पदवीनंतरच उघडते. साहजिकच महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासूनची प्रत्येक श्रेणी प्रवेश समितीपुढे जाते. पहिल्याच सत्रात रसायनशास्त्रात ‘एफ’ मिळालेला विद्यार्थी आणि तेथे स्थायिक झालेले त्याचे मराठी पालक यांना त्यामुळे धास्ती वाटते. ही धास्ती कितपत रास्त आहे, हे नियम आणि गणित पाहिल्यावर स्पष्ट होते.

जुनी श्रेणी पुसली जात नाही

बहुतेक महाविद्यालयांसाठीचे अर्ज एएडीएसएएस या केंद्रीय सेवेमार्फत स्वीकारले जातात. ज्या ज्या महाविद्यालयात विद्यार्थी शिकला, तेथील गुणपत्रिका सादर करणे बंधनकारक असते. अनेक विद्यापीठे विषय पुन्हा उत्तीर्ण झाल्यावर आधीची श्रेणी सरासरीतून वगळतात. केंद्रीय सेवा ही सवलत मानत नाही. पहिला प्रयत्न व दुसरा प्रयत्न, दोन्ही सरासरीत धरले जातात. ऑस्टिओपॅथिक वैद्यकाच्या प्रवेशसेवेत जुनी श्रेणी बदलण्याची मुभा होती. तीही २०१७ मध्ये संपली.

गणित काय सांगते?

समजा, विद्यार्थ्याने एकूण १२० क्रेडिटचे विषय घेतले. त्यात चार क्रेडिटच्या रसायनशास्त्रात ‘एफ’, पुन्हा घेतल्यावर ‘ए’ आणि उरलेल्या ११२ क्रेडिटमध्ये सरासरी ३.५० मिळाली. त्याचे विद्यापीठ ‘एफ’ वगळत असेल, तर तेथील सरासरी ३.५२ दिसेल, केंद्रीय सेवेच्या हिशेबात ती ३.४० होईल.

जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र यांची सरासरी स्वतंत्रपणे काढली जाते. खरा फटका तेथे बसतो. या विषयांची ४८ क्रेडिट असून उरलेल्या ४० मध्ये ३.५० सरासरी असेल, तर ३.५५ ऐवजी ३.२५ हाती येतात.

समिती काय पाहते?

सेवेच्या अहवालात प्रत्येक वर्षाची सरासरी वेगळी दाखवलेली असते. त्यामुळे पहिल्या वर्षीची घसरण आणि नंतरची चढती कमान, दोन्ही समितीच्या नजरेस येतात. पुढील कठीण शास्त्रविषयांत सातत्याने चांगल्या श्रेणी असतील, तर एकट्या ‘एफ’चे वजन कमी होते. तिसऱ्या वर्षीही तीच गत असेल, तर मात्र शंका बळावते. डेंटल अॅडमिशन टेस्ट अर्थात ‘डॅट’मधील शास्त्रविभागाचे चांगले गुण विषयावरील पकड दाखवतात, सरासरीचा आकडा मात्र त्याने बदलत नाही. २०२५ पासून ‘डॅट’चे गुण १ ते ३० ऐवजी २०० ते ६०० या श्रेणीत दिले जातात.

काय करावे?

• नापास झालेला विषय प्रवेशासाठी आवश्यक असेल, तर तो पुन्हा घ्यावाच. अनेक महाविद्यालये आवश्यक विषयांत किमान ‘सी’ मागतात.
• घाईने पुन्हा बसण्याआधी अपयशाचे कारण दूर करावे. दुसऱ्यांदा मिळालेली सुमार श्रेणी पहिलीपेक्षा अधिक बोलते.
• विषय झेपत नसल्यास मुदतीत सोडावा. ‘डब्ल्यू’ हा शेरा सरासरीत धरला जात नाही; तो गुणपत्रिकेवर मात्र राहतो. असे शेरे वारंवार दिसले, तर प्रश्न विचारले जातात.
• निवेदनासाठी ४,५०० अक्षरांची मर्यादा आहे. अपयशाचा खुलासा दोन-तीन वाक्यांत, दोष इतरांवर न ढकलता करावा.
• एखाद्या महाविद्यालयाची गुणपत्रिका लपवू नये. एका ‘एफ’मुळे न अडलेला अर्ज लपवाछपवीमुळे बाद होऊ शकतो.

टेक्सासचा अपवाद

टेक्सासमधील सार्वजनिक संस्थांत प्रवेश घेणाऱ्या तेथील रहिवाशांना दहा वर्षे वा त्याहून जुने शिक्षण विचारात न घेण्याची विनंती कायद्याने करता येते. परंतु त्यात निवड करता येत नाही. वाईट श्रेणींबरोबर त्या काळातील चांगल्या श्रेणी व क्रेडिटही सोडावी लागतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी दोन्ही हिशेब मांडून पाहणे हिताचे ठरते.