भूछत्र : लोकसंबंध (वाशीम जिल्हा व परिसर)

कवकाचे जमिनीवर किंवा कुजक्या लाकडावर उगवणारे, बहुधा छत्रीसारखे फलकाय. अन्य नावे : अळिंबी, कुत्र्याची छत्री, पूर्व विदर्भात सात्या, टेकोडे, गोव्यात अळमी.

वर्ज्यता : मनुस्मृतीने लसूण-कांद्याबरोबर भूछत्रेही द्विजांना अभक्ष्य ठरवली आहेत. जैन आचारात ती अनंतकाय, म्हणजे एका देहात अनंत जीव असलेली, म्हणून वर्ज्य. ही वर्ज्यता येथे विशेष लागू पडते, कारण कारंजा (लाड) हे जुन्या दिगंबर भट्टारकपीठांचे (जैन धर्मगुरूंच्या गाद्यांचे) गाव आणि शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ क्षेत्र याच जिल्ह्यात आहे. त्यात भूछत्रांचा हंगाम नेमका चातुर्मासात, म्हणजे आहारनियम अधिक कडकपणे पाळण्याच्या काळात येतो.

वारुळावरची छत्री : रानभाजी म्हणून सर्वांत मान हिला. प्रजाती टर्मिटोमायसिस, रॉजर हाइम या फ्रेंच कवकतज्ज्ञाने ती १९४२ मध्ये प्रस्थापित केली. वाळवी खाऊन अर्धवट पचलेल्या व विष्ठेवाटे टाकलेल्या पालापाचोळ्याची स्पंजासारखी पोळी वारुळात रचते, तिच्यावर हे कवक जोपासते आणि खाते. पावसाळ्यात पोळीतून मुळासारखा लांब दांडा निघतो, माती भेदतो आणि वर आल्यावर छत्री उघडते. उपटताना दांडा मध्येच तुटतो. पोळी खालीच राहते, म्हणून पुढच्या वर्षीही छत्र्या त्याच जागी येतात. वारूळ उकरले की सारे संपले. हिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही.

वारूळ हे नागाचे घर. नागपंचमीला ते पुजतात, त्या दिवशी खणणे-नांगरणे टाळतात. या श्रद्धेने कवकालाही अभय मिळते, असा तर्क करता येतो. मात्र एका दिवसाच्या पाळणुकीने ट्रॅक्टर वर्षभर अडत नाही. गोव्यात सातेरी देवी वारूळरूपात पुजली जाते आणि वारुळावरची अळमी चवीने खाल्लीही जाते.

लोकसमजुती : वीज कडाडली की छत्र्या उगवतात, असे सांगतात. किड्यांनी खाल्लेली छत्री निर्धोक, हा समज मात्र घातक. अमानिटा प्रजातीतील काही जातींचे विष कीटकांना बाधत नाही, शिजवूनही जात नाही. लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.

सोम : वैदिक सोम म्हणजे भूछत्रच, हे अमेरिकन अभ्यासक गॉर्डन वॉसन यांचे मत (१९६८) विवाद्य आहे.

लागवड : धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या कुटारावर (भुशावर) घेतात.