गजकर्णावरील औषधे : टाकळ्यापासून टर्बिनाफिनपर्यंत

मृगाचा पाऊस पडून गेला की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल तालुक्यात, महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणेच, पडीक जागी व बांधांवर टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. बी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावण्याचा प्रघात मात्र फार जुना. या वनस्पतीची संस्कृत नावेच बोलकी आहेत : ‘चक्रमर्द’ म्हणजे चक्राकार डागाचे मर्दन करणारा, आणि ‘दद्रुघ्न’. चरकसंहितेने दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. विकार किरकोळ की गंभीर, याविषयी प्राचीनांतही एकमत नव्हते, असे यावरून म्हणता येईल. खानदेशचा कडक उन्हाळा, केळीच्या बागांतील कायमची ओल आणि घामाने अंगास चिकटलेले वस्त्र या तिन्ही गोष्टी बुरशीस पोषक असल्याने हा प्रश्न या प्रदेशास कधीच परका नव्हता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात याच विकारावर ‘गोवा पावडर’ नावाचे पिवळसर चूर्ण विकले जाई. ते कशापासून होते हे गुपित होते. १८६४ मध्ये मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, तरी मूळ उमगले नाही. ब्राझीलमधील बाहिया येथील वैद्य दा सिल्व्हा लिमा यांनी १८७४-७५ च्या सुमारास उलगडा केला : हे चूर्ण गोव्याचे नव्हेच, ते ब्राझीलच्या अरारोबा वृक्षाच्या खोडातून निघते आणि पोर्तुगीज दळणवळणातून गोव्यास पोहोचते. १८७५ मध्ये ॲटफील्ड यांना त्यात मुख्यतः क्रायसोफॅनिक आम्ल आहे असे वाटले. टाकळ्याच्या बीतही हेच द्रव्य सापडते, त्यामुळे हा निष्कर्ष फार आकर्षक होता. परंतु १८७८ मध्ये लीबरमान व झाइडलर यांनी चूर्णातील मुख्य द्रव्य निराळे असल्याचे दाखविले. तेच क्रायसरोबिन, त्याचे ऑक्सिडीकरण झाले म्हणजे क्रायसोफॅनिक आम्ल होते. म्हणजे शेतकऱ्याचा टाकळा व महागडी गोवा पावडर ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे ठरली.

क्रायसरोबिन गुणकारी होते, पण त्रासदायकही. त्वचा लाल होऊन सुजे, कातडीवर व कपड्यांवर जांभळट-तपकिरी डाग पडत, आणि बोट चुकून डोळ्यास लागल्यास डोळे येत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या व्हिटफील्ड यांचे मलम आले. त्यात बेन्झोइक आम्ल ६ टक्के व सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के असे. ते झोंबे, कातडी सोलून काढी. मात्र स्वस्त असल्याने टिकले.

खरे स्थित्यंतर ग्रिसिओफुल्विनने घडविले. हे द्रव्य १९३९ मध्येच एका पेनिसिलियम बुरशीपासून वेगळे काढले गेले होते, पण पोटात दिल्याने गिनीपिगांचा नायटा बरा होतो हे जेन्टल्स यांनी १९५८ मध्ये दाखविले. औषध नव्याने तयार होणाऱ्या केरॅटिनमध्ये साठते. म्हणूनच नखाचा विकार जाण्यास महिनोन्‌महिने लागतात. डोकेदुखी व उन्हाने त्वचा भाजणे हे त्याचे दोष. गर्भवतीस ते वर्ज्य. याच सुमारास, १९६१ मध्ये, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायॉटिक्समध्ये तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधले. परंतु ते पॉलिईन वर्गातील असल्याने त्याचा रोख कॅन्डिडासारख्या यीस्टवर अधिक होता. गजकर्णाचे काम पुढे क्लोट्रिमॅझोलसारख्या ॲझोलांनी व १९९० नंतर टर्बिनाफिनने उचलले. टर्बिनाफिन बुरशीच्या पेशीपटलास लागणाऱ्या एर्गोस्टेरॉलची निर्मिती आरंभीच अडविते. त्याने क्वचित जिभेची चव जाते, व यकृतास इजा होऊ शकते.

येथवरच्या औषधांचे दोष बहुधा रोग्यास जाणवण्याजोगे होते : डाग, झोंबणे, डोके दुखणे. क्लोबेटॅसॉलसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी मात्र हा हिशेब उलटा केला. खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, आणि रोगी औषधावर खूश होतो. आत मात्र बुरशी निर्धास्तपणे पसरते, वर्तुळाची कड पुसट झाल्याने निदान अवघड होते, त्वचा पातळ पडून जांघेत व काखेत कायमचे पट्टे उमटतात. क्रायसरोबिन आपला दोष लपवीत नसे, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे.

२०१८ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी रुग्णांत आढळल्याचे नोंदविले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका नेपाळी व एका भारतीय रुग्णापासून मिळालेल्या अशा बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ हे नाव दिले. मार्च २०१८ मध्येच केंद्र शासनाने मलमांतील १४ स्टेरॉइडे वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. अशा हट्टी गजकर्णावर आता इट्राकोनॅझोल अनेक आठवडे द्यावे लागते, आणि दुर्बल हृदयाच्या रोग्यास ते टाळावे लागते. कड खरवडून त्या खपल्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे तंतू थोड्या वेळात व थोड्या खर्चात दिसतात; मलमाची नळी उघडण्यापूर्वी ही परीक्षा तालुक्याच्या गावीही करता येण्याजोगी आहे.