विदर्भकन्येचे मातृत्व आणि आख्यानकवी

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या मंदिरातील शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इ. स. 1176-77 चा आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, वऱ्हाडापासून दूर कनौजच्या गाहडवाल दरबारात, श्रीहर्ष विदर्भाच्याच राजकन्येवर ‘नैषधीयचरित’ रचत होता. बावीस सर्गांचे हे महाकाव्य विवाहोत्तर विलासापाशी थांबते. दहाव्या शतकातील त्रिविक्रमभट्टाची ‘नलचंपू’ तर स्वयंवरापर्यंतही पोचत नाही. मराठीत रघुनाथ पंडितांनी श्रीहर्षाचाच वारसा घेतला; त्यांच्या काव्याचे नावही ‘दमयंतीस्वयंवर’.

या थांबण्याचे कारण केवळ शृंगाररसाची ओढ म्हणून सांगणे मला अपुरे वाटते. वनपर्वात कथेला खरी धार येते ती दमयंती दोन लेकरांची आई झाल्यावर. द्यूतात नल भान हरपतो, तेव्हा इंद्रसेन व इंद्रसेना यांना वार्ष्णेय सारथ्याबरोबर कुंडिनपुरी, म्हणजे आपल्या माहेरी, धाडण्याचा निर्णय ती एकटीच घेते. (परंपरेने हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर.) वधूची नायिका करणाऱ्या काव्यसंकेतात ही स्त्री बसत नाही. मुक्तेश्वर-मोरोपंतांच्या वनपर्वांत हा भाग येतो खरा. पण तिथे पर्वाचा क्रम पाळणे भागच होते. निवडीचे स्वातंत्र्य असलेल्या कवींनी मात्र आईला वगळले.

महाभारतकार नलाला शूर, अक्षौहिणीपती म्हणून आणतो. पत्नीला अरण्यात टाकून गेलेला हा योद्धा कर्कोटकाच्या दंशाने रूप पालटून ऋतुपर्णाचा सारथी बाहुक होतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्याला कुंडिनपुरी आणते. पुढे अद्भुताची रेलचेल आहे: ठेंगणे दार त्याच्यासाठी उंच होते, रिकामे घडे पाण्याने भरतात, गवत आपोआप पेटते. त्या चमत्कारांनी तिचा संशय बळावतो, बाहुक मात्र अभेद्य राहतो. मग ती केशिनीबरोबर मुलांना त्याच्याकडे पाठवते. कालिदासानेही दुष्यंताला शकुंतलेआधी सर्वदमन भेटवला. परंतु तेथे मूल योगायोगाने भेटते, येथे ते आईच्या योजनेने येते. हा फरक आपल्या समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. बाहुक मुलांना मांडीवर घेऊन रडतो, आणि लगेच सावरतो. आपल्याही मुलांची आठवण झाली एवढेच तो सांगतो, आणि तू वारंवार येऊ नकोस, लोक संशय घेतील, आम्ही परदेशचे पाहुणे, असे म्हणून केशिनीला परत पाठवतो.