मोहतर्फ्यापासून घरपट्टीपर्यंत : लहान नगराचा दर व त्याचें अंदाजपत्रक

आमच्या संशोधकांच्या संग्रहांत सनदा, महजर, निवाडपत्रें, शकावल्या व खाजगी पत्रें यांस मानाचें स्थान आहे, व तें योग्यच आहे. परंतु एखाद्या नगरपालिकेचें वार्षिक अंदाजपत्रक किंवा घरपट्टीची आकारणी-यादी कोणी जपून ठेविली आहे, असें क्वचितच आढळतें. हे कागद अलीकडचे, रुक्ष व आंकड्यांनीं भरलेले म्हणून त्यांची उपेक्षा होते. ही उपेक्षा इतिहासास घातक आहे, असें आमचें मत आहे. एखाद्या लहान नगराच्या रहिवाशांनीं आपल्या दिवाबत्तीस, झाडलोटीस व पाण्यास किती द्यावयाचें, हें आपसांत बसून ठरविलें, त्याची साक्ष दुसऱ्या कोणत्याही कागदांत मिळत नाहीं. तो दर कसा जन्मास आला, व तो ठरविणाऱ्यांनीं त्याचा भार कोणावर टाकला, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आय-व्ययाचा वार्षिक हिशेब ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटलाचें प्रकरण आहे. तेथें आय, व्यय व नीवी, म्हणजे शिल्लक, या संज्ञा स्पष्ट आहेत. वर्षअखेर आषाढांत धरली असून हिशेबनिसांनीं मुद्रांकित हिशेब घेऊन त्या वेळीं हजर व्हावें, असा नियम आहे. त्याच अधिकरणाच्या शेवटीं ‘नागरिक’ म्हणजे नगराधिकारी याचें प्रकरण येतें. त्याच्या हाताखालील गोपानें दहा, वीस किंवा चाळीस कुळांतील स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नांव व धंदा यांसह त्यांचें उत्पन्न आणि खर्चही जाणून असावें, असें तेथें सांगितलें आहे. मनूनें तर जळू, वासरूं व भ्रमर यांचे दाखले देऊन राजानें कर थोडाथोडा घ्यावा, असा उपदेश केला. पण हा सर्व विचार राजाच्या बाजूचा आहे. घेणारा एक, देणारे अनेक. आणि किती घ्यावयाचें हें ठरविण्याच्या बैठकींत देणाऱ्यास आसन नाहीं.

मराठी राज्यांतही हीच स्थिति होती. महालाच्या जमाखर्चाचा आगाऊ अंदाज ‘बेहेडा’ या कागदांत येई व मामलेदारानें त्याप्रमाणें चालावें, अशी अपेक्षा असे. पुण्याच्या एकबेरीज दप्तरांत सर्व राज्याची वार्षिक जमा, खर्च व शिल्लक यांचे ‘तर्जुमे’ तयार होत. पुण्यास सन १७६४ पासून कोतवाली होती व नगराच्या बंदोबस्ताचा पुष्कळ व्यवहार तिच्यामार्फत चाले. कारागीर व दुकानदार यांजकडून मोहतर्फा घेत. प्रसंगीं घरपट्टीही बसे. तथापि हें उत्पन्न सरकारचें. नगराची म्हणून स्वतंत्र थैली नव्हती. थैलीच नाहीं तेथें अंदाजपत्रक कोठून असणार?

नगरास न विचारतां घरावर कर बसविला असतां काय होतें, याचा दाखला काशीनें दिला. कंपनी सरकारनें सन १८१० च्या १५ व्या रेग्युलेशनानें घरांच्या वार्षिक भाड्यावर शेंकडा ५ व दुकानांच्या भाड्यावर शेंकडा १० असा कर ठरविला. हें द्रव्य काशीच्या सोयींकडे लागावयाचें नव्हतें. तें सरकारी तिजोरींत जावयाचें होतें. गल्ल्यांचीं फाटकें व चौकीदार यांसाठीं लोक आधींच ‘फाटकबंदी’ देत होते. डिसेंबर महिन्यांत लोकांनीं दुकानें बंद केलीं, कारागिरांनीं हत्यारें खालीं ठेविलीं, नावाड्यांनीं नावा थांबविल्या, व सहस्रावधि लोक धरणें धरून बसले. लोहार मंडळी या कामीं पुढें होती. सरकारनें प्रथम गरिबांस व धर्मस्थानांस सूट देऊन पाहिली. परंतु शेवटीं सबंध करच मागें घ्यावा लागला. काशींत दक्षिणी मंडळींची वस्ती मोठी असल्यामुळें तत्कालीन मराठी पत्रव्यवहारांत या प्रसंगाचे उल्लेख सांपडण्याचा संभव आहे. आमच्या संग्राहकांनीं त्या दृष्टीनें आपलीं दप्तरें अवश्य चाळावींत.

आतां मुंबई इलाख्याकडे वळूं. येथें एक मौज घडली. सन १८४४ च्या १९ व्या कायद्यानें नगरांतील जकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर व धंद्यांवरील सर्व पट्ट्या एकदम उठविल्या. पण ही कृपा फुकट नव्हती. त्याच वर्षीं मिठावरील कर मणास ८ आण्यांवरून १ रुपया केला. त्यावरून सुरतेस दंगा झाला व दर १२ आण्यांवर उतरवावा लागला. याप्रमाणें व्यापाऱ्याचा व कारागिराचा भार काढून तो मीठभाकर खाणाऱ्यावर टाकण्यांत आला. आणि अवघ्या सहा वर्षांनीं, सन १८५० च्या २६ व्या कायद्यानें, घालविलेली जकात पुन्हां दारांत उभी राहिली. मात्र या वेळीं ती नगराच्या नांवानें आली.

हा १८५० चा कायदा आमच्या विषयाचें मूळ होय. रहिवाशांनीं अर्ज करावा, तो बहुमतास धरून आहे अशी सरकारनें खात्री करून घ्यावी, मग मॅजिस्ट्रेट व कांहीं रहिवासी यांस कमिशनर नेमावें, व त्यांनीं नगरसुधारणेसाठीं मालमत्तेवर पट्टी, जकात किंवा अन्य मार्गानें पैसा उभारावा, अशी त्याची योजना होती. बंगाल्यांतील १८४२ चा कायदा प्रत्यक्ष घरकरावर उभारलेला असल्यामुळें जवळजवळ निष्फळ ठरला होता. १८५० च्या कायद्यानें जकातीची वाट मोकळी ठेविली, व आमच्या इलाख्यांत तो झपाट्यानें पसरला. पनवेलची नगरपालिका १८५२ ची आहे. पुढें पंढरपुरासारख्या क्षेत्रानें यात्रेकरूंवरही पट्टी घेतली.

कायदा पसरण्याचें हें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. घरपट्टी घरमालकास स्वतःच्या हातानें मोजून द्यावी लागते. जकात नाक्यावर गाडीवान देतो, व ती अखेरीस धान्य, तूप व सरपण घेणाऱ्याच्या किंमतींत मुरते. कमिटींत बसणारे सावकार, व्यापारी व वाडेवाले असत. त्यांनीं जकातीस पसंती दिली व घरपट्टीचा दर हलका राखला, यांत नवल नाहीं. काशीच्या लोकांनीं धरणें धरून जें साधलें, तें आमच्या नगरशेटांनीं ठराव करून साधलें. फरक इतकाच, कीं काशीस सर्वांचा भार उतरला. येथें तो एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला.

दर ठरविण्याची रीत मात्र उत्तरोत्तर सुधारत गेली. सन १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यांत ती पूर्णपणें दिसते. सर्वसाधारण सभेनें ठराव करावा, नियमांचा मसुदा प्रसिद्ध करावा, रहिवाशांच्या लेखी हरकती घ्याव्यात, त्यांचा विचार करावा व मग वरिष्ठांची मंजुरी मिळवावी. त्यानंतर घरोघर पाहणी होऊन मालकाचें नांव, मालमत्तेचें वर्णन, वार्षिक भाड्याचा अंदाज व कराची रक्कम यांची यादी तयार होई. तिजवरही हरकती ऐकल्या जात. वाचकांच्या सोयीसाठीं एक कल्पित उदाहरण देतों. एखाद्या घराचें वार्षिक भाडें ८० रुपये धरलें व दुरुस्तीबद्दल प्रचलित रीतीनें शेंकडा १० वजा केले, तर करपात्र रक्कम ७२ रुपये होते. दर रुपयास १ आणा असल्यास कर ७२ आणे, म्हणजे ४ रुपये ८ आणे. आतां सबंध नगराची करपात्र रक्कम १,००,००० रुपये असेल, तर दरांत एका पैची वाढ केल्यानें सुमारें ५२१ रुपये अधिक येतात. अंदाजपत्रकाच्या सभेंत जी झुंज होते ती या एका पैची. तितक्यांत एखाद्या पेठेचे दिवे लागतात किंवा विझतात.

खर्चाच्या बाजूसही इतिहास आहे. सन १८८० त व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं १,००० रुपये खर्चण्याची सूचना पुणें नगरपालिकेपुढें आली. ३२ सभासदांपैकीं विरुद्ध मत दिलें तें एकट्या जोतीराव फुले यांनीं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. हजार रुपयांची ती एक ओळ त्या काळच्या पुण्याविषयीं जें सांगते, तें एखाद्या जाड्या चरित्रग्रंथासही सांगणें कठीण.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव व त्यामागून आलेला १८८४ चा मुंबईचा कायदा यांनीं निवडणुकीस बळ दिलें. परंतु मताचा अधिकार मुख्यतः कर देणाराचा राहिला, म्हणून घरपट्टीची यादी हीच एका अर्थीं नागरिकांची यादी झाली. प्रौढ मताधिकारानें हें बंधन तुटलें. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानें आकारणीची जुनी रीत बहुतांशीं कायम ठेविली. सन १९९९ त नगरपरिषदांची जकात रद्द झाली व तिच्या जागीं सरकारी अनुदान आलें; बृहन्मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं संपली. जिच्या आड दीड शतक घरपट्टी लपली होती ती भिंत पडली. आज लहान नगरास स्वतःच्या हातानें वाढवितां येईल असें मोठें उत्पन्न घरपट्टीचेंच उरलें आहे, आणि दर वाढविण्याचें धैर्य मात्र १८५० च्या कमिटीइतकेंच थोडें आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी : दराचे जाहीर मसुदे, हरकतींचे अर्ज, आकारणी-याद्या आणि अंदाजपत्रकाच्या सभांचीं कार्यवृत्तें, हे चार प्रकारचे कागद जेथें सांपडतील तेथून मिळवावेत, निदान त्यांच्या नकला कराव्यात. जुन्या याद्या मोडींत असण्याचा संभव असल्यामुळें हें काम मोडी जाणणारांनींच हातीं घेतलें पाहिजे. कोणत्या गल्लींत कोणाचें घर होतें, तें कधीं विकलें गेलें, १८९६ नंतरच्या प्लेगांत कोणतीं घरें ओस पडलीं, याचा उलगडा अशा याद्यांवरून व सुटीच्या अर्जांवरून होऊं शकेल. नवी नोंदवही आली कीं जुनी रद्दींत जाते, हा प्रघात सर्वत्र आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत एकबेरीज दप्तराची हेळसांड झाली, व तिची हळहळ संशोधक आजही करितात. तीच हळहळ आपल्या नातवांनीं आपल्याविषयीं करावी, असा प्रसंग या कागदांच्या बाबतींत येऊं देऊं नये.