ओकणाऱ्या मुलाला औषध द्यायचे कसे?

उलटी थांबवण्यासाठी तोंडाने औषध द्यावे, तर ते औषधच उलटून पडते! जुलाब-उलट्यांनी बेजार झालेले मूल रुग्णालयात आले की हा पेच उभा राहतो. म्हणून औषध कोणते, याइतकाच ते कोणत्या रूपात द्यायचे याचा इतिहासही आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. जलसंजीवनीची ताकद सिद्ध झाली. तरीही अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे, मूल ओकते म्हणून, डॉक्टर सलाइनकडेच वळत. शोष पडलेल्या बाळाची शीर सापडणे किती कठीण, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

जठर टाळण्यासाठी गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या आल्या. पण जुलाब चालू असताना ती गोळी आत टिकणार कशी? शिवाय प्रोमेथाझिनसारख्या जुन्या औषधांनी गुंगी येई. श्वास मंदावून मृत्यू ओढवल्यामुळे २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे बजावले.

दरम्यान १९९१ मध्ये ऑन्डान्सेट्रॉन अमेरिकेत बाजारात आले होते, तेही कर्करोगाच्या उपचारांतील उलट्यांसाठी. आतड्यातील पेशींतून सुटणारे सेरोटोनिन मज्जातंतूंमार्फत मेंदूला उलटीचा इशारा पाठवते. हे औषध तो इशारा अडवते. प्रथम ते शिरेतून दिले जाई. नंतर गोठवून सुकवलेली, जिभेवर काही सेकंदांत विरघळणारी गोळी निघाली. ती जिभेतूनच रक्तात जाते असा समज होणे साहजिक आहे, पण तसे नाही. ती लाळेबरोबर गिळली जाऊन आतड्यातच शोषली जाते. फायदा एवढाच की वर पाणी प्यावे लागत नाही आणि मुलाला ती थुंकता येत नाही.

शिकागोत २१५ मुलांना ही गोळी किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देऊन पाहण्यात आले. पंधरा मिनिटांत उलटी झाली तर गोळी पुन्हा दिली, मग जलसंजीवनी पाजली. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जलसंजीवनी घेताना औषधाच्या गटात १४ टक्के मुलांना उलटी झाली, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांना. सलाइन लागले ते अनुक्रमे १४ आणि ३१ टक्क्यांना.

शिरेतून दिलेले औषध लवकर काम करते, हे खरेच. तीव्र शोषात सुई टळतही नाही. तेव्हा औषध तिच्यातूनच द्यावे. इतरांना गोळी पुरते. जुलाब मात्र शिकागोत गोळी घेतलेल्या मुलांना थोडे अधिक झाले.